तो पत्ता सांगत बसला होता

पोस्ट मोठी आहे. निम्मी माफीची आहे, निम्मी भांडणाची. वेळ असेल तरच वाचा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी इथेच एक फोटो टाकला होता, काहींना आठवत असेल. विक्रोळीला कन्नमवार नगरात रिडेव्हलपमेंटला गेलेली एक बिल्डिंग, भोवती निळे पत्रे, आणि पत्र्याला पाठ लावून बसलेला भिजलेला पांढरा म्हातारा पामेरियन. वर मी लिहिलं होतं, 'फ्रीज नेला, कपाटं नेली, देव्हारा नेला. याला मात्र ठेवून गेले.' लिहून झाल्यावर स्वतःवर खूशही झाले होते, खोटं कशाला बोलू.

दोन दिवसांत सहाशेच्या वर शेअर. कमेंटमध्ये 'यांची मुलं यांना असंच सोडणार' इथपासून 'नाव-पत्ता द्या, बघून घेतो' इथपर्यंत सगळं. एका गृहस्थांनी कायदा टाकला, की पाळलेला प्राणी सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, केस करा. गुन्हा आहे हे खरंच. पण पहिल्या गुन्ह्याला त्या कायद्यात दंड आहे १० ते ५० रुपये. पन्नास रुपयांत आमच्या स्टेशनबाहेर दोन वडापाव येतात. असो, तो वेगळा राग आहे.

आता खरं काय झालं ते सांगते.

सकाळी चालायला जाताना तो दिसला. बिल्डरचा वॉचमन त्याला पार्ले-जी भिजवून देत होता. म्हणाला, 'कल सुबह से यहीं बैठा है मॅडम. भगाओ तो गोल घूम के वापस यहीं.' गळ्यात पट्टा नाही, बिल्ला नाही. मी मोती म्हणून बघितलं, टॉमी, रॉकी, ब्रूनो, शेवटी नुसतं 'बाळा'. ढिम्म. पोटाखाली हात घातल्यावर मात्र मुकाट उचलून घेऊ दिलं. अंगाला मोरीतल्या ओल्या पोत्यासारखा वास.

घरी सासूबाईंनी आधी 'हे काय आणलंस' म्हटलं आणि पंधरा मिनिटांत त्याच्यासाठी दहीभात कालवला. रात्रभर तो दाराशी नखं घासत होता. सकाळी खाली नेला तर मला ओढत नेलं ते थेट त्याच पत्र्यापाशी. संध्याकाळी पुन्हा तेच. मला वाटलं, बिचारा वाट बघतोय, येतील म्हणून. यावरही मी एक छोटी पोस्ट लिहिली. त्यालाही बदाम आले, रडक्या स्माइली आल्या.

डॉक्टरांकडे नेला. त्यांनी पंजा उचलून मला दाखवला. 'नखं बघा. आठवड्याभरात कापलेली आहेत. एक गोचीड नाही अंगावर. पोटावर हे पांढरं दिसतंय ना, ते मलम आहे, खाजेचं. टाकून द्यायच्या कुत्र्याला कोणी मलम लावत नाही हो.' मी काय उत्तर द्यावं? 'टाकायच्या आधी लावलं असेल.' एकदा एखाद्याला नालायक ठरवलं की मलमसुद्धा पुरावा म्हणून विरोधातच जातं.

त्यांनी मानेवरून स्कॅनर फिरवला. चिप नव्हती. बऱ्याच जणांना वाटतं की चिप म्हणजे मोबाइलसारखं लोकेशन कळतं. तसं काही नसतं. तांदळाच्या दाण्याएवढी असते, खांद्यांच्या मधोमध कातडीखाली टोचतात, आत बॅटरी नाही, काही नाही. स्कॅनर जवळ नेला की १५ आकडी नंबर वाचता येतो, बास. तो नंबर कुठेतरी तुमच्या फोन नंबरशी जोडलेला असेल आणि तो फोन अजून चालू असेल, तरच उपयोग. म्हणून चिप असली तरी गळ्यात पट्टा आणि पट्ट्यावर मोबाइल नंबर हवाच. नंबर वाचायला वॉचमनला स्कॅनर लागत नाही.

डॉक्टरांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. वय बारा-तेरा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऐकू जवळजवळ येत नाही. म्हणजे मी कुत्र्यांच्या नावांची बाराखडी म्हणत होते ती त्याच्या कानापर्यंत पोचतच नव्हती. दुसरं म्हणजे, सगळ्या खुणा फेसबुकवर टाकू नका, एक राखून ठेवा. जो येईल त्याला ती विचारा. नशीब, एक राहिली होती. जिभेवर, अगदी टोकाशी, तिळाएवढा काळा ठिपका.

तो ठिपका कामाला आला. पहिला फोन आला तो माणूस 'हो हो, तोच, आमचाच' म्हणाला. खूण विचारली तर म्हणाला, 'पांढरा आहे.' मग हळूच, 'मॅडम, ब्रीडिंगला चालेल ना?' तेरा वर्षांचा, नसबंदी झालेला, मोतीबिंदूवाला! फोन ठेवला. दुसरा मुलगा मुलुंडहून स्वतः आला, कॉलेजातला असेल. त्याचा पामेरियन दोन वर्षांपूर्वी हरवलाय. जिन्यातच त्याला कळलं की हा तो नाही. तरी आत आला, दहा मिनिटं याच्या कानामागे खाजवत बसला, पाणी प्यायला आणि गेला.

चौथ्या दिवशी आम्ही नेहमीसारखे पत्र्यापाशी. सायकलवर कपड्यांची गाठोडी घेऊन इस्त्रीवाला चाललेला. त्याने ब्रेक मारला. 'अरे, ये तो बंटी है. दूसरे माले का. ये इधर क्या कर रहा है?'

इस्त्रीवाल्याची त्या बिल्डिंगमधली बरीच गिऱ्हाइकं गेली, पण तीन-चार घरं टागोर नगरात भाड्याने गेली होती, तिथले कपडे तो अजून नेतो. त्यातलंच एक बंटीचं. फोन नंबर त्याच्याकडे होताच. मला सहाशे शेअरमध्ये जे जमलं नाही ते त्याने सायकलवरून न उतरता केलं.

वीस मिनिटांत रिक्षा आली. रिक्षातून आजी, त्यांची सून आणि नववी-दहावीतली नात. नात धावली, ओरडली, बंटीला काही ऐकू गेलं नाही, तो पत्र्याकडेच तोंड करून. मग आजी खाली बसल्या, रस्त्यावरच, आणि हात पुढे केला. त्याने हात हुंगला. मनगट हुंगलं. बांगड्यांपाशी नाक थांबलं, आणि मग सगळं अंग हलायला लागलं, शेपटी नाही, मागचं अख्खं अंग. आजी म्हणत होत्या, 'अरे मेल्या, अरे मेल्या, कुठे होतास रे.' मी ठिपक्याचं विचारायचं विसरले. नातीनेच सांगितलं, 'जीभ बघितलीत का त्याची? तीळ आहे.'

घटना एवढीच. मे महिन्यात, शाळेला सुट्टी असताना, बिल्डिंग खाली झाली. हे हायवेपलीकडे टागोर नगरात तळमजल्यावर भाड्याने गेले. खाजेचं औषध लावायला पट्टा काढून ठेवलेला. सिलेंडरवाला आला, दार उघडं राहिलं, बंटी बाहेर. घरच्यांनी टागोर नगर पालथं घातलं, स्टेशनपर्यंत गेले, खांबाखांबावर कागद चिकटवले. हायवे ओलांडून इकडे येईल असं कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण ज्याला समोरची वाटी दिसत नाही तो हायवे ओलांडेल कसा? कसा ओलांडला, देव जाणे. पण म्हाताऱ्या कुत्र्यांना आपल्या म्हाताऱ्यांसारखंच होतं, आजचं आठवत नाही आणि जुनं घर पक्कं आठवतं. महापालिकेचं लायसन्सही काढलेलं होतं, कागद फाइलमध्ये जपून. गळ्यात मात्र त्या दिवशी काहीच नाही.

निघताना नातीने मोबाइल काढला. माझीच पोस्ट. तिला आदल्या रात्री वर्गातल्या कुणीतरी पाठवलेली, 'हा तुमचा बंटी ना?' म्हणून. पहिल्यांदा तिने कमेंट वाचल्या आणि घाबरून आईला दाखवलंच नाही. बघून घेतो म्हणणाऱ्या लोकांच्या पोस्टवर 'आमचा आहे' असं कोण लिहील? मला काहीच न बोलता तिने फोटो मोठा केला आणि बोट ठेवलं. बंटीच्या डोक्याच्या वर, पत्र्यावर बिल्डरचा बोर्ड. त्यात बिल्डिंग नंबर, सोसायटीचं नाव, महारेराचा नंबर, सगळं नीट वाचता येत होतं.

म्हणजे कुत्रा स्वतःच्या पत्त्यावर बसला होता, डोक्यावर पाटी लावून. मी त्या पाटीचा फोटो काढला, सहाशे लोकांनी पुढे पाठवला, आणि ही बिल्डिंग कुणाची होती, तिथली माणसं आता कुठे आहेत, हे एकानेही विचारलं नाही. विचारलं असतं तर सोसायटीचा वॉट्सअॅप ग्रुप जिवंत होता, भाड्याचे चेक कधी येणार यावर रोज भांडणं चालू होती.

म्हणून माझं म्हणणं, भांडणाचं म्हणा हवं तर. सापडलेला कुत्रा दिसला की आपल्या मनात पहिला शब्द 'सोडलेला' का येतो? सोडणारे आहेत, मी नाकारत नाही. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलबाहेर, म्हणजे प्राण्यांच्या दवाखान्याबाहेर, तासभर उभे राहा, दोन्ही तऱ्हेची माणसं दिसतील. पण 'हरवलेला' म्हटलं की आपल्याला घर शोधायला पायपीट करावी लागते, आणि 'सोडलेला' म्हटलं की नुसता राग करून भागतं, वर नवीन घर शोधून दिल्याचं पुण्यही मिळतं. आणि रिडेव्हलपमेंटच्या मुंबईत हे आणखी होणार. एक बिल्डिंग पडली की अठ्ठावीस बिऱ्हाडं अठ्ठावीस दिशांना जातात. 'अरे, हा तर त्यांचा' म्हणणारा शेजारीच उरत नाही. उरतो तो इस्त्रीवाला, दूधवाला, पेपर टाकणारा पोरगा, कचरा उचलणाऱ्या मावशी. हे लोक तुमच्या फ्रेंडलिस्टमध्ये नाहीत. त्यांना पहाटे जाऊन विचारावं लागतं. कुत्र्याचा कागद केमिस्टकडे आणि चहाच्या टपरीवर लावावा लागतो, मोठ्या अक्षरात, मराठी-हिंदी दोन्हीत.

आणि तो ओढतो तिकडे एकदा जाऊन बघा. मी चार दिवस तेच करत होते, फक्त अर्थ उलटा लावत होते.

मांजराचं वेगळं असतं हो, कालच एका मैत्रिणीचा फोन होता. घरातलं मांजर बाहेर पडलं तर सहसा लांब जात नाही, दबून बसतं. गाडीखाली, मीटरच्या खोलीत, जिन्याखालच्या अडगळीत. हाक मारली तरी भीतीने ओ देत नाही. रात्री दोन-तीनला, सगळं शांत झालं की टॉर्च घेऊन जा, डोळे चमकतात. आणि कुणी 'पोपट सापडलाय, मालकाने संपर्क साधावा' असं टाकलंत, तर आपला हिरवा देशी पोपट पाळणंच वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. मालक आला तर त्याचीच पंचाईत.

ती पोस्ट मी काढून टाकली, पण स्क्रीनशॉट फिरतोय. गेल्याच महिन्यात माझ्या मामीने मलाच पाठवला, 'बघ ग, तुमच्या विक्रोळीतलं, किती निर्दयी लोक.' खाली माझाच नंबर. अजून फोन येतात. मी सांगते, तो घरीच आहे, त्याचंच घर आहे.

आजींशी आता ओळख झालीय. त्या दर रविवारी त्याला रिक्षाने इकडे घेऊन येतात, नाहीतर तो दाराशी नखं घासत बसतो म्हणे. गळ्यात लाल पट्टा, पट्ट्यावर मार्करने तीन मोबाइल नंबर, एक आजींचा, एक सुनेचा, एक इस्त्रीवाल्याचा. परवा आम्ही दोघी उभ्या होतो. आत पायलिंगचा धाडधाड आवाज, याला त्याचं काहीच नाही. पत्र्याच्या कडेकडेने हुंगत जुन्या गेटच्या जागी आला, बिल्डरचा नवीन बोर्ड आहे ना, तीन बीएचकेवाला, त्याखाली पाय वर केला आणि निवांत उभा राहिला. आजी म्हणाल्या, 'चला, झाली याची मीटिंग.'