प्रतिक्रियेला उत्तर: एलिआ ग्रीकच

महोदय,

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. मंगळवारच्या इंग्रजी शब्दकोड्यात ‘प्राचीन ग्रीक शहर, चार अक्षरं’ असा क्लू होता. मी उत्तर दिलं ‘ई-एल-ई-ए’, एलिआ. त्यावर आपण लिहिलंत, ‘एलिआ इटलीत आहे. नकाशा न उघडता कोडी सोडवणाऱ्यांनी दुसऱ्यांना शिकवू नये.’

माझी चूक आधी कबूल करतो. स्पष्टीकरणात ‘ग्रीसमधलं शहर’ असं लिहिलं गेलं, ‘ग्रीक शहर’ हवं होतं. काल दुरुस्त केलं.

पण ‘नकाशा न उघडता’? आठवीपासून मी ही कोडी सोडवतोय. वडील पेपरची घडी हातात द्यायचे, सोबत शिसपेन्सिल आणि पुठ्ठा निखळलेला ॲटलास. गाव नकाशात सापडल्याशिवाय चौकटीत अक्षर भरू द्यायचे नाहीत. एजियन समुद्राच्या पानावर आमच्या बोटांचे काळे डाग अजून आहेत. तुमचं ते वाक्य मला लागलं. ओळखपाळख नसताना असं लिहायची गरज नव्हती.

आता एलिआ. फोकाइया हे आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरचं ग्रीक शहर. इ.स.पू. सहाव्या शतकात पर्शियन सैन्याने वेढा घातला, तेव्हा लोक बायकामुलं आणि देवांच्या मूर्ती गलबतांत घालून निघाले. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो, त्यांनी लोखंडाचा गोळा समुद्रात टाकून शपथ घेतली की हा वर येईल तेव्हाच परतू. तरी निम्म्याहून जास्त जण घराच्या ओढीने माघारी वळले. उरलेल्यांपैकी काहींनी कॉर्सिकामार्गे दक्षिण इटलीत जाऊन एलिआ वसवलं. तत्त्वज्ञ पार्मेनिडीस तिथला, अकिलीस आणि कासवाच्या शर्यतीचं तर्ककोडं घालणारा झीनोही तिथलाच. हे ग्रीक नव्हेत, तर कोण? तंजावर तामिळनाडूत आहे म्हणून बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी कोरून घेतलेला लेख मराठी नाही, असं म्हणाल? एफेसस आणि मायलीटस तुर्कस्तानात, सिराक्यूज सिसिलीत. कोड्यांत तिन्ही ग्रीक शहरं म्हणूनच येतात.

‘ईलिस’ही (ई-एल-आय-एस, हेही प्राचीन ग्रीक शहर) बसतं, क्लू मोघम आहे, वगैरे तुमचे बाकीचे आक्षेप: उभे शब्द भरले की शेवटची दोन अक्षरं आपोआप ठरतात. त्यावर वेळ घालवत नाही.

पुढच्या वेळी टोपणनावाऐवजी स्वतःच्या नावाने लिहा, म्हणजे मलाही नावाने उत्तर देता येईल.