फैरूझ कुणासाठी गायली नाही

पोस्ट लांब आहे. वेळ नसेल तर वाचू नका, सरळ गाणी ऐका. नावं शेवटी दिली आहेत.

28 जुलै 2025 ला लेबनॉनमधल्या बिकफायाच्या चर्चमधला एक व्हिडिओ जगभर फिरला. काळे कपडे, डोक्यावर काळी ओढणी, काळा चष्मा लावलेली, नव्वदीच्या घरातली एक बाई ताठ बसलेली. समोर मुलाची शवपेटी. मुलगा म्हणजे झियाद रहबानी, वय 69, स्वतः नावाजलेला संगीतकार आणि नाटककार. आणि आई म्हणजे लेबनॉनची गायिका फैरूझ. कितीतरी वर्षं ती लोकांसमोर आलीच नव्हती. त्यामुळे मुलगा गेला ही बातमी होतीच, पण फैरूझ दिसली हीसुद्धा बातमी झाली.

मग नेहमीचे लेख आले. लेबनॉनचा आत्मा, दुभंगलेल्या देशाला जोडणारा आवाज वगैरे. मला या विशेषणांचा कंटाळा येतो. आवाजानं देश जोडले जात असते तर 1975 ते 1990 अशी पंधरा वर्षं यादवी चालली नसती. तिथं गोळ्या झाडणारी दोन्हीकडची पोरं फैरूझच ऐकत होती! माझ्या मते तिचं मोठेपण गळ्यात आहे तेवढंच तिच्या नकारांत आहे. कुठं गायचं नाही, कुणासाठी गायचं नाही, आणि पुढं पुढं तर आपल्याच प्रतिमेसारखं गायचं नाही, हे तिनं ठरवलं. मोठ्या कलाकारांना हे फार क्वचित जमतं.

मूळ नाव नुहाद हद्दाद. बैरूतच्या झुकाक अल-ब्लात मोहल्ल्यात एका खोलीचं घर, वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. घरात रेडिओ नव्हता, शेजाऱ्यांचा खिडकीतून ऐकू यायचा. मोहम्मद फ्लेफल नावाच्या संगीत शिक्षकांनी तिचा आवाज हेरला आणि संगीत विद्यालयात घातलं. पुढं रेडिओवर हलीम अल-रूमी यांनी तिला फैरूझ हे नाव दिलं. म्हणजे पिरोजा खडा. त्यांनीच तिची गाठ आसी रहबानी या तरुण संगीतकाराशी घालून दिली. आसी आणि त्याचा भाऊ मन्सूर यांची जोडी होती. पुढं आसीशी तिचं लग्न झालं, आणि पुढची वीसेक वर्षं या तिघांनी अरबी गाण्याचा नकाशाच बदलून टाकला.

बदलला म्हणजे काय, तर त्या काळी कैरोची सत्ता होती. इजिप्तची गायिका उम्म कुलसूम हिचं एक गाणं तासभर चालायचं, एकेक ओळ श्रोत्यांच्या दादेवर फुलत जायची. रहबानी बंधूंनी तीन-चार मिनिटांची गाणी आणली. त्यात डोंगरातल्या दबके नाचाचे ठेके, पाश्चात्त्य वाद्यवृंद, मध्येच एखादा टँगो, चर्चमधल्या भजनांचा स्वर. आणि या सगळ्यावर एक असा आवाज, जो श्रोत्याच्या गळ्यात पडत नाही. मंचावर ती खांबासारखी उभी राहायची. हात हलत नाहीत, चेहऱ्यावर हसू नाही. नव्या माणसाला हे कोरडं वाटतं. मलाही सुरुवातीला वाटायचं, ही बाई रागावली आहे का कुणावर?

1957 साली बालबेकच्या रोमन मंदिरांत महोत्सव झाला. राष्ट्राध्यक्ष कमील शामून यांच्या आश्रयाखाली. तिथं ती गायली, मानधन म्हणे एक लेबनीज पाउंड. तेव्हा राजकारण्यांपासून चार हात लांब राहणारी संतीण वगैरे ती कधीच नव्हती, हेही सांगून टाकतो. देशासाठी गायली, शहरांसाठी गायली. 1967 च्या युद्धात इस्रायलकडून झालेल्या अरबांच्या पराभवानंतर जेरुसलेमवर ‘झहरतुल मदाइन’ गायली. स्वतः ख्रिश्चन असून मक्केवरचं गाणं गायली. शहरांची नावं तिच्या गाण्यात भरपूर सापडतील. पण सत्तेवरच्या माणसाचं कौतुक शोधून दाखवा. आणि हे त्या काळात, जेव्हा कैरोतले भले भले गायक इजिप्तचे अध्यक्ष नासेर यांची गाणी गात होते.

1969 ची गोष्ट. अल्जीरियाचे अध्यक्ष हुआरी बूमेदियेन लेबनॉनमध्ये येणार होते. त्यांच्या सन्मानार्थ खासगी मैफल ठेवायची होती आणि तिनं गावं असा आग्रह होता. ती नाही म्हणाली. सरकारी रेडिओनं तिच्या गाण्यांवर सहा महिने बंदी घातली. आपल्याच देशाच्या रेडिओनं, परक्या पाहुण्याचा मान राखायला! लोकांनी ऐकायचं थांबवलं का? उलट, सहा महिने ज्यांना ती सकाळी ऐकू आली नाही त्यांना रेडिओचा राग आला.

मग युद्ध आलं. बैरूतचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झाले. पैसा आणि ओळखी असलेले पॅरिस-लंडनला गेले. ती गेली नाही. पण आणखी एक गोष्ट तिनं केली नाही. ती देशात गायली नाही. कोणत्याही एका बाजूच्या भागात उभं राहून गाणं म्हणजे त्या बाजूची होणं, हे तिला पुरतं कळलं होतं. पॅरिसच्या ऑलिंपियात गायली, लंडनमध्ये गायली, घरी मात्र गप्प. अपवाद एकच, ‘पेट्रा’ हे संगीत नाटक. ते बैरूतच्या दोन्ही भागांत झालं. त्यात ती पेट्रा या प्राचीन नगरीची राणी. रोमन तिच्या लहान मुलीला पळवून नेतात, शरण ये म्हणतात, राणी शरण जात नाही, मुलगी जीवानिशी जाते. युद्ध चालू असलेल्या शहरात, दोन्ही बाजूंच्या प्रेक्षकांसमोर हे. मला ते नाटक प्रत्यक्ष बघायला मिळालं असतं तर मी काय वाटेल ते दिलं असतं.

युद्धाच्या आधीपासूनच घर मोडत होतं. 1972 मध्ये आसीला मेंदूचा रक्तस्राव झाला. 1973 च्या नाटकाच्या वेळी तो मंचामागे नव्हता, आणि तिला एक गाणं गायचं होतं: लोक मला तुझ्याबद्दल विचारतात, आपण पहिल्यांदाच सोबत नाही आहोत. शब्द दिराचे. चाल कुणाची, तर झियादची. तेव्हा तो जेमतेम सतरा वर्षांचा. पुढं नवरा-बायको वेगळे झाले, 1986 मध्ये आसी गेला, 1988 मध्ये मुलगी लयाल गेली.

आता झियाद. इथं मला जरा रेंगाळायचं आहे, कारण माझ्या लेखी फैरूझची खरी गोष्ट इथून सुरू होते.

रहबानी बंधूंच्या नाटकांतला लेबनॉन म्हणजे डोंगरातलं एक गोड गाव. झरा, चौक, भोळे गावकरी, किरकोळ भांडण, शेवटी सगळे नाचतात. झियाद याच घरात वाढला आणि त्यानं त्या गोडपणाची यथेच्छ टर उडवली. त्याच्या नाटकांत बार, बेकारी, वेड्यांचं इस्पितळ, चौकीवर अडवणारे बंदूकवाले. 1983 च्या ‘शी फाशिल’मध्ये तर त्यानं वडील-काकांच्या लोकनाट्यांचीच खिल्ली उडवली. डाव्या विचारांचा, जॅझ वाजवणारा, तोंडाचा फटकळ पोरगा. आणि आईनं काय केलं? त्याची गाणी गायला घेतली.

1979 च्या ‘वहदोन’ या अल्बममध्ये ‘अल बोस्ता’ आहे. खटारा बस, उकाडा, हमलायाहून तन्नूरीनला निघालेली. प्रियकराच्या डोळ्यांची आठवण येते आहे, आणि शेजारी एक प्रवासी लेट्यूस खातोय, एक अंजीर खातोय, एक जण बायकोला घेऊन बसलाय आणि ती बायको दिसायला भलतीच वाईट आहे! आपल्या एसटीत खिडकीशी बसून विरहगीत गुणगुणावं आणि शेजारच्यानं भेळेचा पुडा सोडावा, तसं. जिला लोकांनी देव्हाऱ्यात बसवलं होतं ती बाई हे गातेय. आणि तोच न हसणारा चेहरा ठेवून गातेय, यात खरी मजा.

1991 मध्ये ‘कीफक इंता’ आलं. कसा आहेस तू? म्हणतात तुला मुलं झाली, मला तर वाटलं तू देशाबाहेर आहेस. जुन्या प्रियकराला रस्त्यात भेटून विचारावं इतकं साधं. जुने भक्त खवळले. आमच्या फैरूझच्या तोंडी ही बाजारू भाषा? पोरानं आईला खाली आणलं. मला नेमकं उलटं वाटतं. पन्नाशी उलटलेली, घरातली दोन माणसं गमावलेली बाई डोंगरातल्या अल्लड पोरीसारखी गात राहिली असती तर ते खोटं ठरलं असतं. लोकांना मूर्ती हवी होती, तिनं ती व्हायला नकार दिला. मला 1969 च्या नकारापेक्षा हा मोठा वाटतो. राष्ट्राध्यक्षाला नाही म्हणणं एक वेळ सोपं, आपल्या चाहत्यांना नाही म्हणणं फार कठीण.

सगळे निर्णय पटतात असं मात्र नाही. जानेवारी 2008 मध्ये ती दमास्कसला जुनं नाटक घेऊन गेली. लेबनॉनचे माजी पंतप्रधान रफिक हरीरी यांच्या हत्येला जेमतेम तीन वर्षं झाली होती, बोट सीरियाच्या राजवटीकडे दाखवलं जात होतं, आणि लेबनॉनमध्ये पुष्कळांनी जाऊ नकोस म्हणून विनवलं. ती गेली. दमास्कसच्या लोकांनी पूर्वीपासून तिच्यावर जीव टाकला आहे, हॉल राजवटीचा असला तरी श्रोते राजवटीचे नसतात, हा युक्तिवाद मला कळतो. तरीही जिनं यादवीत दोन्ही बाजू सांभाळल्या, तिला इथं दुसऱ्या बाजूचं दुःख दिसलं नसेल का, हा प्रश्न माझ्या मनात राहतोच. 2013 मध्ये झियादनं आईला हिजबुल्लाचे तेव्हाचे प्रमुख हसन नसरल्ला आवडतात असं एका मुलाखतीत सांगून टाकलं, तेव्हाही देशभर गदारोळ. मायलेकांत अबोला धरल्याच्या बातम्या लेबनीज वर्तमानपत्रांत बऱ्याच छापून आल्या. तिनं त्यावर लोकांसमोर एक शब्द काढला नाही.

ऑगस्ट 2020 मध्ये बैरूत बंदरातला स्फोट झाला. महिना संपता संपता फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रों आले, आणि पुढाऱ्यांच्या आधी तिच्या घरी गेले. सन्मानपदक दिलं. गाणं वगैरे काही झालं नाही. बूमेदियेनसाठी तिला बोलावलं होतं. इथं अध्यक्ष स्वतः दारात आले.

आखातात दिवस काढलेल्या मराठी माणसांपैकी अनेकांनी तिला ऐकलेलं असतं, फक्त नाव माहीत नसतं. सीरियन किंवा लेबनीज माणसाच्या गाडीत सकाळी बसलात तर नव्वद टक्के तीच चालू असते. माझा एक जुना सहकारी सीरियातल्या होमसचा. सकाळी कॉफीबरोबर फैरूझ आणि रात्री उम्म कुलसूम, हा त्याचा नेम. दुपारी फैरूझ लावली तर तो चक्क बंद करायचा.

तर ऐकायचं असेल त्यांच्यासाठी. ‘नस्सम अलैना अल-हवा’पासून सुरुवात करा, चाल कुणालाही धरेल. मग ‘शादी’, युद्धात हरवलेल्या लहानपणच्या सवंगड्याचं गाणं. शब्द कळत नसतील तर आधी अर्थ शोधून वाचा, नंतर ऐका. खलील जिब्रानची कविता हवी असेल तर ‘आतिनी-न-नाय’. ‘ली बैरूत’ची चाल स्पेनच्या रोद्रिगोच्या गिटार कॉन्चेर्तोची आहे, ओळखीची वाटेल. ‘कीफक इंता’ सगळ्यात शेवटी, आणि शक्यतो मंचावरचं रेकॉर्डिंग बघा. ‘अल बोस्ता’ मात्र कधीही लावा, घाटात गाडी असेल तर जास्त चांगलं.