ब्रेक लिहिला की मार्क कापले!

दर प्रॅक्टिकलनंतर जुळे सोलापुरातल्या आमच्या क्लासमध्ये कुणीतरी रडवेलं तोंड करून जर्नल पुढे करतं. प्रोग्रॅम बरोबर, आउटपुट बरोबर, आणि 'ब्रेक'खाली, म्हणजे लूप (त्याच ओळी पुन्हापुन्हा चालवणं) मध्येच थांबवणाऱ्या आज्ञेखाली, लाल रेघ: "लूप मधूनच सोडायचा नसतो." का नसतो? ते कुणी सांगत नाही!

5000 नंबरांच्या यादीत एक शोधायचाय. तिसऱ्याच जागी सापडला. मग उरलेले 4997 कशाला तपासायचे? चाटी गल्लीतला दुकानदारही हवी ती चादर हाताला लागली की गठ्ठा उपसायचं थांबवतो.

म्हणे, संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रा यांनीच अशा उड्यांना विरोध केला होता. अहो, 1968 साली त्यांनी टीका केली ती 'गोटू'वर, कुठूनही कुठेही उडी मारण्यावर. ब्रेक आणतो तो लूपच्या लगेच पुढच्या ओळीवर. त्यात कसला आलाय गोंधळ?

बंदीमुळे पोरं 'सापडला' नावाचा फ्लॅग (हो की नाही हे लक्षात ठेवणारी खूण) ठेवतात, 'व्हाइल'च्या (अट खरी असेपर्यंत फिरणाऱ्या लूपच्या) अटीला दुसरी अट चिकटवतात आणि तिथेच घसरतात. शिकवायला हवं ते राहूनच जातं. एका लूपच्या आत दुसरा असेल तर आतला ब्रेक फक्त आतल्या लूपमधून बाहेर काढतो, बाहेरचा लूप चालूच राहतो. सी भाषेत लूपच्या आत 'स्विच' (किमतीनुसार पर्याय निवडणारा भाग) असेल तर त्यातला ब्रेक स्विचपुरताच. लूप आपला फिरतोय! पोरगं तासभर स्क्रीनकडे बघत बसतं. पायथन भाषेत तर 'फॉर' लूपला 'एल्स' भाग जोडता येतो, ब्रेक न लागता लूप संपला तरच तो एल्स चालतो. "नंबर सापडला नाही" हे छापायला याहून चांगली जागा कुठली?