सिंगतेलाचा डबा, शँपूवरची चिठ्ठी आणि बिलातला फरक: एका अभिप्रायाला दुकानाचं उत्तर

आदरणीय काकू, नमस्कार.

तुमचा अभिप्राय वाचला. फोनवर बोलता आलं असतं, पण तुम्ही लिहिलेले प्रश्न आमच्या बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या दुकानात रोज कुणी ना कुणी विचारतं, म्हणून सगळ्यांना वाचता येईल असं इथेच लिहितो.

तुमचं म्हणणं असं, की सिंगतेलाच्या (शेंगदाणा तेलाच्या) डब्याखाली पाटीवर एक भाव होता आणि बिलात त्याहून जास्त लागला. शँपूच्या बाटलीवर छापील एमआरपीशेजारी दुसऱ्या भावाची चिठ्ठी होती. दुसऱ्या दिवशी फरक मागायला आलात तर गल्ल्यावरच्या मुलाने बिल मागितलं आणि तुम्ही हात हलवत परत गेलात. कॅनडात तुमच्या लेकीला अशा वेळी वस्तू फुकट मिळते आणि इथे मात्र लूट चालते, असं लिहून तुम्ही एक तारा दिलात.

आधी तेलाचं बघू. तुम्ही टाकलेल्या बिलाच्या फोटोत त्या ओळीत ‘१५ किलो’ लिहिलं आहे. ज्या पाटीचा भाव तुम्ही सांगताय ती १५ लिटरच्या डब्याची आहे. दोन्ही डबे एकाच कंपनीचे, रंग सारखाच, उंचीतला फरक शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. पण तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. १५ लिटर तेलाचं वजन साधारण १३.६ किलो भरतं, म्हणजे किलोच्या डब्यात जवळजवळ १.४ किलो तेल जास्त आहे आणि भावातला फरक त्याचाच आहे. बडोद्यात पिढ्यान्‌पिढ्या आपण ‘१५ किलोचा डबा’ म्हणत आलो. लिटरचे डबे आले तरी तोंडात किलोच राहिलं, त्यामुळे हा घोळ फार जणांचा होतो. दोन्ही थप्प्या आता वेगळ्या रांगांत लावल्या आहेत आणि पाट्यांवर लिटर-किलो मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं आहे.

तेलाबद्दल अजून एक गोष्ट मला सांगावीशी वाटते, कारण इथे गिऱ्हाइकाचं नुकसान नकळत होतं. तेल तापलं की फुगतं. सोयाबीनचं १ लिटर तेल २१ अंशांना सुमारे ९१९ ग्रॅम भरतं, ६० अंशांना सुमारे ८९३ ग्रॅम. काही कंपन्या पाकिटावर ‘१ लिटर’ लिहून खाली बारीक अक्षरांत मोठं तापमान टाकत असत, म्हणजे तितकं तेल आपसूक कमी. २०२२ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने कंपन्यांना सांगितलं की तापमान न लिहिता मात्रा आणि सोबत वजन लिहा, आणि १५ जानेवारी २०२३ पर्यंत छपाई बदला. तेव्हा तेल कुठल्याही दुकानातून घ्या, पण ग्रॅममधला आकडा बघून दोन कंपन्यांची तुलना करा.

आता शँपूची चिठ्ठी. २२ सप्टेंबर २०२५ पासून शँपू, टूथपेस्ट, केसांचं तेल, अंगाचा साबण, बिस्किटं यांच्यावरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. तूप-लोण्यावरचा १२ वरून ५ झाला. कपड्यांच्या पावडरीवर मात्र १८ टक्केच आहे. तो का उतरला नाही म्हणून पुष्कळ जण गल्ल्यावर वाद घालतात, त्यांनीही हे वाचावं. जुन्या छपाईचा माल तेव्हा कंपन्यांच्या गोदामांत आणि दुकानांत पडून होता, त्यावर उतरलेल्या भावाची चिठ्ठी लागली. भाव उतरवणारी चिठ्ठी कायद्याला चालते. अट एवढीच, की मूळ छापील एमआरपी तिच्याखाली झाकली जाऊ नये. तुमच्या बाटलीवर दोन्ही आकडे दिसत होते आणि बिल कमी आकड्याने झालं आहे, फोटोत पाहा. याउलट कुठे छापील आकड्यावर चढ्या भावाची चिठ्ठी दिसली, किंवा आकडा खरवडलेला दिसला, तर ती वस्तू ठेवून द्या आणि तक्रार करा. छापील किमतीत फेरफार करायला मनाई आहे, आणि दुकान माझं असलं तरी हेच सांगेन.

तुम्ही बिल तपासलंत याचं मला वाईट वाटलेलं नाही. वाईट याचं वाटतं, की बहुतेक लोक तपासतच नाहीत. मागे रांग आहे, गल्ल्यावरचा मुलगा घाईत आहे, दोन-चार रुपयांसाठी काय बोलायचं, अशा संकोचाने बिल पिशवीत टाकून निघतात. चूक कुठे होते ते आम्हा दुकानदारांना पक्कं माहीत असतं, म्हणून सांगतो. सगळ्यात जास्त घोळ बारकोडमुळे होतो. कंपनीने एमआरपी बदलली तरी पुष्कळदा बारकोड तोच राहतो. मग स्कॅन केलं की पडद्यावर दोन-तीन एमआरपी येतात आणि पाकीट बघून त्यातली बरोबर निवडायची असते. घाईत बोट भलत्या ओळीवर पडतं. म्हणून बिलात एमआरपीचा रकाना असतो तो पाकिटावरच्या आकड्याशी जुळवा. त्याखालोखाल ऑफर. रविवारी रात्री ऑफर संपते, कॉम्प्युटरमध्ये भाव बदलतो आणि रॅकवरची पाटी सकाळपर्यंत तशीच राहते. सुट्या मालात तांदळाच्या एका जातीचा कोड दुसऱ्या जातीला लागतो. एखादं पाकीट दोनदा स्कॅन होतं. बिलाच्या तळाला जीएसटीची फोड दिसते, ती वेगळी आकारणी नव्हे. एमआरपीत सगळे कर आलेलेच असतात, आणि त्यावर कर लावून मागणारा दुकानदार चुकीचं वागतो आहे.

एका उत्तराला मात्र कधी बधू नका. पाटीपेक्षा बिल जास्त लागलं म्हणून विचारलं की काही ठिकाणी म्हणतात, ‘एमआरपीच्या आतच आहे ना?’ एमआरपीच्या वर विकता येत नाही हे खरं. पण रॅकवर एक भाव लिहून गल्ल्यावर दुसरा लावणं म्हणजे गिऱ्हाइकाची दिशाभूलच आहे, एमआरपीच्या कितीही आत असलं तरी. पाटीचा मोबाईलवर फोटो काढा, फरक मागा आणि तो रोख किंवा ज्या मार्गाने पैसे दिले त्या मार्गाने मागा. ‘पुढच्या खरेदीत वळते करू’ हे तुम्हाला पटलं तरच घ्या.

बिल का मागितलं, तर कॉम्प्युटरमधली ती ओळ मूळ बिलाच्या नंबरावरूनच रद्द होते, स्टॉक आणि कराचा हिशोब त्याला जोडलेला असतो. मोबाईलवरचा फोटो चालतो. मोबाईल नंबर दिलेला असेल तर आम्हीच बिल शोधतो. तुम्ही नंबर दिला नव्हता आणि तो तुमचा हक्कच आहे, नंबरासाठी कुणी अडवू नये. मात्र बिल जपा. आणि बिल द्यायलाच नकार देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, हेही लक्षात असू द्या.

तुमच्या लेकीचं म्हणणं खरं आहे. कॅनडात २००२ पासून दुकानांनी आपणहून मान्य केलेली एक आचारसंहिता आहे. बारकोडच्या वस्तूला पाटीपेक्षा जास्त भाव लागला तर वस्तू फुकट, आणि ती १० डॉलरच्या वर असेल तर १० डॉलर कमी, अशी ती सुरू झाली. तो तिथला सरकारी कायदा नाही, तिच्यात सामील झालेल्या दुकानांपुरती ती आहे. आपल्याकडे अशी सोय नाही, आणि आमच्या दुकानात मी ती सुरू करणार नाही. भुर्दंड पडतो म्हटल्यावर गल्ल्यावरची मुलं चूक झाकायला शिकतील, अशी मला भीती वाटते. आज कुणी बोट ठेवलं की ती लगेच पाटी बघून येतात आणि फरक काढून देतात. ही सवय मला मोडायची नाही. तुम्हाला हे पटणार नाही कदाचित, पण माझं मत तेच आहे.

आमच्या उत्तराने समाधान झालं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. तिथे मराठीत आणि गुजरातीत बोलता येतं. वजनाची किंवा एमआरपीची तक्रार असेल तर तोलमाप खात्याकडे जा. तिथेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी नाही.

तुमच्या डब्याचं सील तोडलं नसेल आणि तुम्हाला १५ लिटरचाच हवा असेल, तर कुणाबरोबरही डबा पाठवा, बिलाचा फोटो दाखवला तरी पुरे. बदलून देतो आणि दोन भावांतला फरक रोख देतो. तुम्हाला खाली उतरवणं जड असेल तर दुकानात फोन करा, दांडिया बाजारात तुमच्याकडे मुलगा येऊन बदलून देईल.

आपला,
दुकानाचा मालक