कानात कणीक

गेल्या चार वर्षांत माझे सहा हेडफोन वारले. सहाच्या सहा लोकलमध्ये गेले. घरी, आपल्या माणसांत, उशाशी पडल्या पडल्या असं मरण एकाच्याही नशिबी आलं नाही.

पहिला वायरचा होता. त्याची वायर पिनेपाशी आतून तुटली. असा हेडफोन एकदम मरत नाही, आधी त्याला अर्धांगवायू होतो. डावा कान गेला. मग पिनेजवळ वायर एका ठरावीक कोनात दुमडून धरली की डावा कान बोलायला लागायचा आणि सोडली की पुन्हा गप्प. मी दीड महिना डोंबिवली ते सीएसएमटी हा प्रवास अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत ती वायर धरून केला. डब्यातल्या लोकांना मी ज्ञानमुद्रा लावून बसलोय असं वाटायचं. एका गृहस्थांनी तर ठाण्याच्या आसपास अदबीने विचारलं, "कुठल्या महाराजांचं हो?"

दुसऱ्याची डोक्यावरची पट्टी बॅगेत मोडली. मुंब्र्याच्या पुढे पोटावरची बॅग ही बॅग राहत नाही, आपलाच एक अवयव होते, आणि त्या अवयवावर मागून चार माणसं रेलली की आतला स्टीलचा डबा आणि हेडफोन यांच्यात जो कमी पोलादी असतो तो हरतो. तिसरा म्हणजे ते बिनवायरचे दोन दाणे. दादरला उतरताना उजवा दाणा कानातून निसटला आणि फलाट आणि फूटबोर्ड यांच्यामधल्या फटीतून खाली गेला. गाडी गेल्यावर मी वाकून बघितलं. खडीत पडला होता, त्याचा बारीक निळा दिवा लुकलुकत होता, आणि माझ्या डाव्या कानात गाणं चालूच होतं. चौथ्यात जुलैचं पाणी गेलं. पाचव्याच्या कानाच्या गाद्यांवरचं नकली लेदर मुंबईच्या घामाने सोलायला लागलं आणि त्याचे काळे कपचे गालाला चिकटायला लागले. बायको म्हणाली, "अहो, तीट लावून जाता होय ऑफिसला? कोणाची दृष्ट लागणार आहे एवढी?" सहावा नुसता हरवला, पण त्याच्या परतण्याची आशा सोडून मी त्यालाही मृतांत धरतो.

तेव्हा सातवा घ्यायचा तर नीट विचार करून घ्यायचा, असं मी ठरवलं. अटी तीनच. टिकला पाहिजे, डब्याशेजारी मावला पाहिजे, आणि बेस पाहिजे. पहिल्या दोन अटी सगळ्यांच्याच असतात. तिसरीचं कारण घरगुती आहे.

आमचे आजोबा गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. पखवाजाच्या डाव्या तोंडाला धुम म्हणतात. वाजवायच्या आधी ते आजीकडे भिजवलेल्या कणकेचा गोळा मागायचे, धुमेच्या मधोमध थापायचे आणि मग थाप मारायचे. कणीक बसेपर्यंत धुम नुसती टपटप वाजायची. बसली की असा घुमारा यायचा की फडताळातल्या पितळी वाट्या एकमेकींशी बोलायला लागायच्या. मी मांडीला मांडी लावून बसायचो आणि तो आवाज कानात नव्हे, बरगड्यांत ऐकू यायचा. तेव्हापासून ज्या गाण्याने बरगडी हलत नाही ते मला अळणी वाटतं. आता माझ्या रोजच्या अडीच तासांच्या प्रवासात मला तो घुमारा हवा आहे. मागणी फार नाही असं माझं प्रामाणिक मत होतं.

भाच्याला फोन केला. तो इंजिनिअरिंगला आहे, म्हणजे त्याला सगळं कळतं. तो म्हणाला, "मामा, तू आधी स्पेक्स बघायला शीक."

मग मी आठ दिवस स्पेक्स बघितले. पहिला शोध असा लागला की प्रत्येक हेडफोनच्या खोक्यावर '२० हर्ट्झ ते २०,००० हर्ट्झ' असं लिहिलेलं असतं. तीस हजारांच्या खोक्यावर असतं आणि गाडीत फेरीवाला ऐंशी रुपयांना विकतो त्याच्यावरही असतं. माणसाच्या कानाला साधारण एवढंच ऐकू येतं, म्हणून सगळे तेच छापतात. म्हणजे स्थळाच्या पत्रिकेत 'मुलगा निर्व्यसनी, मनमिळाऊ' लिहितात तसं. नंतर ड्रायव्हर. हे चालकाचं नाव नाही, आतल्या थरथरणाऱ्या चकतीचं आहे. कानावर बसणाऱ्यात ती बहुतेक ४० मिलिमीटरची असते, कानात जाणाऱ्यात १० च्या आसपास. मला वाटलं मोठी चकती म्हणजे मोठा बेस, हिशोब संपला. भाचा म्हणाला, "असं नसतं रे मामा." का नसतं ते त्याने पाऊण तास सांगितलं.

खोक्यावरच्या आयपीएक्स४ या खुणेचं प्रकरण मला आवडलं. यातला चार म्हणजे कुठल्याही बाजूने उडालेलं पाणी हा सोसेल. आणि एक्स म्हणजे धुळीच्या पेपराला हा बसलेलाच नाही. नापास नाही बरं का, गैरहजर. डोंबिवलीच्या रस्त्यांवर राहून ज्या वस्तूने धुळीच्या पेपराला दांडी मारली, तिच्यावर मी किती विश्वास ठेवायचा? शिवाय ही पाण्याची परीक्षा साध्या पाण्याने घेतात. मे महिन्यात कुर्ल्याला माझ्या कानामागून जे ओघळतं त्याला साधं पाणी म्हणता येणार नाही. ते मिठागर आहे.

शेवटी शनिवारी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठला. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं नाव आहे, पण त्या नावाने रस्ता विचारला तर दुकानदार आपल्याला इन्कम टॅक्सवाला समजतो. इथे इलेक्ट्रॉनिक्सचं असं काही नाही की जे मिळत नाही, आणि असं काही नाही की जे दुकानदार 'ये ही चलता है आजकल' म्हणत नाही. एका अरुंद गाळ्यातल्या पोराने माझ्या डोक्यावर एक धूड चढवलं आणि स्वतःच्या फोनवरचं गाणं लावलं. धडाम धडाम धडाम. माझी कवळी नाही, असती तर पडली असती.

"बेस देखो अंकल, बेस!"

मी म्हटलं, जरा पखवाज लावता येईल का? त्याने माझ्याकडे, त्याच्या दुकानात मी भेंडी मागितल्यासारखं बघितलं. मग मी माझ्या फोनवर एक अभंग काढला. काय सांगू! तिथे धुम पण धडाम, टाळ पण धडाम, बुवांचा आवाज कुठेतरी खालच्या मजल्यावर कोंडून ठेवलेला. बेस वाढवणं म्हणजे घुमारा नव्हे, हे मला तिथे कळलं. कणीक नेमकी लागते, म्हणून तिला गोळा म्हणतात. परातभर थापली तर पखवाजाचं थालीपीठ होईल.

गॅरंटीचं विचारल्यावर पोरगा म्हणाला, "चालू करके देखो, अभी देखो. घर जाने के बाद कुछ नहीं." हे वाक्य तो हेडफोनबद्दल बोलला, पण मला माझ्या लग्नातले भटजी आठवले.

पुढच्या दुकानात एका म्हाताऱ्या मालकाने घडी होणारा कॉस पोर्टा प्रो दाखवला. १९८४ साली निघालेला हा हेडफोन अजून जवळपास त्याच चेहऱ्याने विकला जातो. पत्र्याची पट्टी, कानाला स्पंज, मिटला की मुठीएवढा. आवाज इतका गोड की मी डोळे मिटले. पण त्याच्या वाट्या पाठीमागून उघड्या असतात. आतलं बाहेर जातं, बाहेरचं आत येतं. दुकानातच मालक माझ्या कानातल्या अभंगावर काउंटरवर ठेका धरायला लागले. म्हणजे गाडीत मी एकटा ऐकणार नाही, चौथी सीटसुद्धा ऐकणार आणि 'जरा पुढचं लावा' म्हणणार. जड मनाने परत केला.

राहिला तो आवाज खाणारा प्रकार. ऑफिसातल्या सहकाऱ्याने त्याचा एका रात्रीपुरता उसना दिला. देताना 'सांभाळून हं' असं तीनदा म्हणाला, तेव्हाच किंमत कळली. या युक्तीच्या मागे बोस कंपनीवाले अमर बोस. बंगाली बापाचा, अमेरिकेत जन्मलेला मुलगा. १९७८ मध्ये युरोपातून विमानाने परतताना इंजिनाच्या आवाजापुढे त्यांना हेडफोनमधलं गाणं नीट ऐकू येईना, म्हणून ते विमानातच कागदावर गणित मांडत बसले. (गाणं ऐकू आलं नाही तर मी शेजाऱ्याकडे रागाने बघतो. माणसांमाणसांत फरक असतो तो असा.) बाहेरचा आवाज माइकने टिपायचा, त्याची बरोबर उलटी लाट तयार करून त्याच्यावरच सोडायची, दोघं एकमेकांना खातात.

मी मशीद स्टेशनच्या आसपास बटण दाबलं आणि लोकल गायब झाली. खरंच. चाकं, मोटर, पंखा, सगळं पुसलं गेलं. अभंग लावला, धुम जागेवर! बरगडी हलली. मी सुखाने मान मागे टेकली. पण हे गणित सतत घरघरणाऱ्या, खर्जातल्या आवाजावर चालतं. माणसाच्या बोलण्यावर ते फारसं चालत नाही. म्हणजे त्या यंत्राने गाडी काढून टाकली आणि माणसं ठेवली. एरवी चाकांच्या खडखडाटात विरून जाणारं समोरच्या काकांचं बोलणं आता धुऊन, पुसून, ताटात वाढल्यासारखं यायला लागलं. त्यांच्या व्याह्यांचा मुतखडा भायखळ्याला दुखायला लागला, घाटकोपरला सोनोग्राफीत दिसला आणि 'किती मिलिमीटरचा' हा प्रश्न सुटायला ठाणं उजाडलं. बुवा इकडे विठ्ठलाला आळवताहेत, मधल्या ओळीत मुतखडा. शिवाय तो हेडफोन ठेवायची पेटी पुरणपोळीच्या डब्याएवढी. बायको म्हणाली, "उद्यापासून जेवणाचा डबा राहू दे घरी. हेच न्या, कानाने जेवा." आणि पंचवीस-तीस हजारांची वस्तू डोक्यावर घालून सकाळच्या डोंबिवली फास्टमध्ये शिरायचं म्हणजे पैठणी नेसून धुळवड खेळायला जायचं.

हरून मी घरातला एक जुना, कानात घालायचा वायरवाला शोधला आणि आवाज वाढवत गेलो. फोनने इशारा दिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतं, ९० वर गेलात की चारच तास. चार तास म्हणजे माझा मंगळवार संध्याकाळपर्यंतचा कोटा. बुधवारपासून शनिवारपर्यंत काय, मूकपट?

पुन्हा भाचा. या वेळी मात्र तो कामाचं बोलला. "मामा, बेस जात नाहीये. गाडी त्याला झाकतेय. तिची घरघर आणि तुझा पखवाज एकाच पट्टीतले आहेत. आणि दुसरं, तुझ्या कानात बूच नीट बसत नाही. फट राहिली की पहिला बेस गळतो. बोटाने दाबून बघ."

दाबून बघितलं. आहाहा! बोट काढलं, टपटप. दाबलं, घुमारा. पण गाडीत एक हात वरच्या कडीला, दुसरा बॅगेला. दोन्ही कानांत बोटं घालून उभा राहणारा माणूस कुर्ल्याच्या पहिल्या वळणाला कोणाच्या तरी मांडीत जाईल. खोक्यात रबराच्या तीन मापांच्या टोप्या होत्या, लहान, मध्यम, मोठी. उजव्याला मोठी बसली. डाव्याला मध्यम सैल आणि मोठी दुखरी. पंचेचाळीस वर्षं हे दोन कान मी जुळे समजत होतो.

शेवटी घेतला तो असा: कानात जाणारा, वायरचा, पण वायर कानापाशी सुटी होणारी. म्हणजे अर्धांगवायू झाला तर वायर बदला, कान जिवंत. नवीन फोनला गोल भोकच नाही, म्हणून त्याला जोडणीची एक वीतभर शेपटी. तीही सोबत. सगळं मिळून आजोबांच्या पानाच्या चंचीत मावतं; चुन्याच्या डबीच्या कप्प्यात शेपटी, सुपारीच्या कप्प्यात बाकीचं. आणि रबराऐवजी फोमच्या टोप्या. त्या बोटांत धरायच्या, मळायच्या, बारीक वळी करायची, कानात सरकवायची आणि अर्धा मिनिट धरून ठेवायची. मग ती आत हळूहळू फुगते आणि फट बुजते. पहिल्यांदा मळताना मी थबकलोच. अहो, ही कणीकच की! आजोबांना हे कळलं होतं, फक्त ते ती पखवाजाला लावत होते.

सोमवारी सकाळी खिडकीजवळ उभं राहायला जागा मिळाली. कणीक मळली, लावली, अभंग लावला. बरं होतं. पूर्वीपेक्षा पुष्कळच बरं. पण दिवा गेलं, ठाणं गेलं, धुम आपली अंग चोरूनच वाजत होती. फोम बडबड अडवतो, खर्ज तेवढा अडवत नाही; मुतखडा थांबला होता, गाडी नव्हती.

आणि विद्याविहार आणि कुर्ल्याच्या मध्ये गाडी उभी राहिली.

चाकं थांबली, खालची घरघर थांबली, आणि माझ्या दोन्ही कानांत एकदम आमच्या जुन्या घराच्या फडताळातल्या वाट्या वाजायला लागल्या. धुम अशी उठली की मी कडी घट्ट धरली. डब्यात हलकल्लोळ चालला असावा. कोणी घड्याळ बघत होतं, कोणी खिडकीतून सिग्नलला शिव्या देत होतं, समोरचे काका ऑफिसला फोन लावत होते. मी मिटल्या डोळ्यांनी हसत होतो. काकांनी मला हलवून काहीतरी विचारलं. ओठांवरून 'लेट मार्क' एवढं कळलं. मी मान डोलावली, समेवर.

दहा मिनिटं झाली असतील. मग पायाखाली एक गचका बसला, गाडी हलली, सगळा डबा 'चला!' म्हणाला. मी एकटा 'अरेरे' म्हणालो, आणि कानांत कणीक असल्यामुळे ते फारच मोठ्याने निघालं.