मानधन

2023 च्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आमच्या कामगार संघटनेने, सलग नऊ वर्षे फुकट हिशेब लिहिल्याबद्दल, मला शाल, श्रीफळ आणि सहा हजार रुपये दिले. ज्या सभासदांकडून वर्गणी वसूल करताना माझ्या चपला झिजल्या, त्यांच्याच टाळ्या ऐकून मी इतका गहिवरलो की या पैशाला आयकराच्या विवरणपत्रात जागा शोधावी लागेल, हे खजिनदार असूनही माझ्या ध्यानात आले नाही.

जुलै 2024 उजाडला. कंपनीच्या फॉर्म 16 मध्ये, म्हणजे पगार आणि त्यातून कापलेला कर यांच्या दाखल्यात, या रकमेचा उल्लेख नव्हता, आणि बचत खात्यावरील 38 रुपयांचे व्याजही न विसरणाऱ्या, आयकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणातही ती नव्हती.

"अहो, सरकारला ठाऊकच नाही, तर तुम्ही कशाला सांगायला जाता?" असे सौभाग्यवतींनी विचारले. प्रश्न रास्त होता. पण कामगार संघटनांच्या निबंधकांकडे जाणाऱ्या वार्षिक हिशेबात हे सहा हजार माझ्याच सहीने खर्ची पडले होते.

आता रक्कम कोठे दाखवायची? पगारात दाखवावी, तर संघटना माझी मालक नव्हे. किंबहुना मालकाशी भांडण्यासाठीच ती काढलेली आहे. मग 'इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न' उघडले. तेथील यादीत बचत खात्याचे व्याज, ठेवींचे व्याज, परताव्यावरील व्याज, लाभांश आणि कुटुंब निवृत्तिवेतन होते. यांपैकी शेवटचा पर्याय मी हयात असेपर्यंत सौभाग्यवतींनाही खुला नव्हता. तळाशी 'इतर कोणतेही' होते आणि पुढे एक रिकामा चौकोन, जणू आमच्या संघटनेसाठीच राखून ठेवलेला. गंमत अशी की संघटना नोंदणीकृत असल्याने तिच्या मुदतठेवीचे व्याज तेव्हाच्या, 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 10(24) प्रमाणे करमुक्त होते. तेच पैसे तिच्या पेटीतून माझ्या खिशात आले की करपात्र होतात.

तेवढ्यात एक पळवाट सुचली. मोबदल्याविना मिळालेल्या रकमा वर्षभरात 50,000 रुपयांपर्यंत असतील तर त्यांवर कर नाही. मग हे सहा हजार सत्काराची भेट का म्हणू नयेत? शाल आणि नारळ यांची तर मुळीच चिंता नव्हती. वस्तुरूप भेटींच्या करपात्र यादीत दागिने, शेअर, चित्रे, शिल्पे आहेत, नारळ नाही.

मोठ्या आनंदाने मी व्हाउचरची फाइल काढली. एक रुपयाच्या महसुली तिकिटावर आडवी सही माझी, आणि वर वळणदार अक्षरात मजकूरही माझाच: "हिशेबाच्या कामाचे मानधन." लेखापरीक्षकाने शंका काढू नये म्हणून, तेव्हा लागू असलेल्या 1926 च्या कामगार संघटना कायद्यात पदाधिकाऱ्यांना भत्ते देण्याची मुभा होती हे आठवून, तो शब्द मीच शोधून घातला होता, आणि त्याबद्दल सरचिटणीसांनी माझी पाठही थोपटली होती.

मी निमूटपणे त्या चौकोनात 'मानधन' लिहिले. वीस टक्के कर, त्यावर चार टक्के उपकर, असे 1,248 रुपये झाले आणि दहाच्या पटीत आणताना 1,250. चलन भरून, आधारच्या ओटीपीने विवरणपत्र पडताळतो न पडताळतो तोच सरचिटणीसांचा फोन आला.

"अण्णा, यंदा मानधन दहा हजार करायचा ठराव आणतोय."

"आणा," मी म्हणालो, "पण नारळांत द्या."