लाकडाची चावी चालते, कशी ते समजून घ्या

‘एस्केप फ्रॉम प्रिटोरिया’ (२०२०) हा सिनेमा दक्षिण आफ्रिकेतल्या राजकीय कैद्यांनी लाकडाच्या चाव्या बनवून तुरुंगातून केलेल्या खऱ्या पलायनावर आहे. तो बघून झाल्यावर कोल्हापुरातल्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय : लाकडाच्या चावीनं तुरुंगाचं पोलादी कुलूप उघडत नाही, पहारेकरीच फितूर होता, आणि चावी जमली की सुटका झालीच. तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

आधी चावी. उद्यमनगरातल्या कुठल्याही फिटरला लिव्हरचं कुलूप खोलून दाखवायला सांगा. आत हलक्या स्प्रिंगवर बसलेल्या पट्ट्या असतात. चावीच्या पात्यानं प्रत्येक पट्टी नेमक्या उंचीवर उचलायची आणि मग खटका सरकवायचा, एवढंच तिचं काम. ताकद थोडी लागते, माप मात्र काटेकोर लागतं. पट्टी कमी उचलली तरी अडते, जास्त उचलली तरी अडते. म्हणून कोऱ्या पात्याला काजळी लावून ते कुलपात फिरवायचं, जिथं घासल्याची खूण उमटेल तिथं कानस मारायची, तीही अगदी थोडी. जादा गेलेलं लाकूड परत येत नाही.

चावी मोडते ती लाकडातल्या रेषांमुळं. दांडा आणि पातं एकाच तुकड्यातून कापलं, तर लाकडाच्या रेषा दांड्याच्या लांबीनं जातात आणि पातं मुळाशी तुटतं. पात्याच्या रेषा बाहेरच्या दिशेनं ठेवून ते दांड्यात वेगळं बसवलं तर टिकतं. दाराचा भार खटक्यावर असेल तरी चावी पिळवटते. आधी दार जरा दाबून तो भार काढावा लागतो. शिवाय तुरुंगाची चावी मोठी, म्हणून पातं जाड ठेवता येतं. कपाटाच्या चावीला हे जमणार नाही.

आता फितुरी. त्या पहारेकऱ्यावर आळ आला, हे खरं. पण पलायनाच्या दिवशी, ११ डिसेंबर १९७९ ला, त्याला बोलण्यात गुंतवून ठेवलं ते तिथलेच कैदी डेनिस गोल्डबर्ग यांनी. नेल्सन मंडेलांबरोबर रिव्होनिया खटल्यात त्यांना जन्मठेप झाली होती. ते स्वतः मागं राहिले. सिनेमापेक्षा मोठं काळीज या माणसाचं आहे, आणि मजकुरात त्यांचं नावसुद्धा नाही.

आणि एका चावीनं काय होणार? दारं दहा होती. कोठडीच्या बाहेरच्या दाराचं कुलूप आतून पोचण्यासारखं नव्हतं, म्हणून पळालेल्या कैद्यांपैकी टिम जेनकिन यांनी झाडूच्या दांड्यावर चावी फिरवणारी यंत्रणा बनवून ती खिडकीतून बाहेर काढली. दहाव्या दाराला तर एकही चावी लागली नाही. जेनकिन, स्टीफन ली आणि अलेक्झांडर मुंबारिस कुलपाजवळचं लाकूड पोखरून बाहेर पडले. सिनेमानं मुंबारिस यांचं नाव मात्र बदललंय. तक्रार करायचीच तर ती करा.